दोनवाल्या बाई

बाईंना त्यांच्या कचेरीत सगळे ‘दोनवाल्या बाई’ म्हणत, आणि तेही तोंडावर. असलं नाव एकदा चिकटलं की निघत नाही, आणि माणूस चिडला तर आणखी घट्ट बसतं. बाई चिडल्या नाहीत. उलट फोन उचलून “बोला, दोनवाल्या बाई बोलतेय” म्हणायला लागल्या, तेव्हा नाव ठेवणाऱ्यांचीच मजा गेली.

या नावामागचं कारण समजायचं तर आधी बाईंचं काम समजून घ्यावं लागेल. घाबरायचं कारण नाही, ते अवघड नाही. बाईंचा नवरा बस चालवायचा आणि सिग्नलला गाडी थांबली की पुढच्या सीटवरच्या प्रवाशांना ते समजावून द्यायचा. सिग्नल सुटायच्या आत लोकांना कळायचं.

पृथ्वीभोवती एक दुर्बीण फिरते. दुर्बीण आपलं म्हणायचं, बाकी तिला ना भिंग, ना आरसा. ज्या गॅमा किरणांसाठी तिला वर सोडलं आहे ते काचेला आणि आरशाला जुमानत नाहीत, आरपार निघून जातात. म्हणून तिच्या अंगावर सगळ्या दिशांना तोंड करून डझनभर डोळे बसवले आहेत. डोळा म्हणजे मिठाच्या जातीच्या स्फटिकाची जाड चकती. किरण चकतीत अडकला की आत बारीक चमक होते आणि मागची नळी ती चमक मोजते. कुठेतरी, मनालाही पोचता येणार नाही इतक्या लांब, एखादा अवाढव्य तारा मरतो. मरताना त्याच्यातून गॅमा किरणांचा झोत सुटतो, तो अब्जावधी वर्षं चालत इथवर येतो, थोडा वेळ त्या डोळ्यांवर आदळतो आणि संपतो. त्याला स्फोट म्हणतात. तो पकडायचा, मोजायचा आणि जगाला कळवायचा, एवढंच बाईंचं काम.

ही दुर्बीण नेमून दिलेल्या आयुष्यापेक्षा कितीतरी जास्त जगली होती, म्हणून कचेरीत तिला ‘म्हातारी’ म्हणत. आता म्हातारी म्हटली की भास आलेच. एखादा भरकटलेला कण घुसतो, कुठल्या तारेला उचकी लागते, आणि एक डोळा उगीच ओरडतो. त्यामुळे नियम असा की एका डोळ्याने पाहिलेलं धरायचं नाही. निदान दोन डोळ्यांनी एकदम पाहिलं तरच म्हातारी खाली निरोप धाडणार आणि खोलीत घंटा वाजणार. मग पाळीवरच्या माणसाने ठरवायचं, ही असेच किरण अधूनमधून सोडणाऱ्या आपल्या सूर्याची खोडी आहे, की खरोखरच तारा मेला. खरा असेल तर ताबडतोब जगभरच्या वेधशाळांना कळवायचं, कारण स्फोटामागे उरलेली धग फार लवकर विझते.

बाईंचा या नियमावर भारी जीव. नवं कुणी धापा टाकत येऊन काही सांगू लागलं की त्या मान वर न करता विचारायच्या, “दुसरा कोण?” स्फोटाबद्दल असो, साहेबांच्या बदलीबद्दल असो की कुणाच्या जुळलेल्या लग्नाबद्दल. दुसरा साक्षीदार आणा, मग बोला.

नियम कचेरीत राहिला असता तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण कामाची सवय माणसाबरोबर घरी येते. एकदा दूध उतू जात होतं आणि नवरा बाहेरून ओरडला, “मॅडम, दूध!” बाई आकड्यांत बुडालेल्या, म्हणाल्या, “दुसरा कोण?” तेवढ्यात मुलगी ओरडली, “आई, दूऽध!” आणि बाई उठल्या. तोवर दूध शेगडीवरून ओट्यावर आलं होतं. नवरा इतका हसला की त्याला ठसका लागला. तेव्हापासून घरात तोच खेळ झाला. बेल वाजली, पाऊस आला, पाहुणे आले, काहीही असो, दोघं मिळून सांगतील तर आई उठणार. मुलगी लहान होती. तिला घरात सगळे ठकू म्हणत. आपल्या शब्दाने आई उठते याचा तिला कोण अभिमान! “मी दुसरी आहे,” असं ती शेजारच्या शिंपीकाकांनाही सांगून आली होती.

नवरा बाईंना मॅडम म्हणायचा. त्यालाही कारण होतं. लग्नाआधी बाई त्याच्याच बसने जायच्या, आणि मांडीवर कागद पसरले की कुठल्या जगात आहोत याचं त्यांना भान नसायचं. रोज त्यांचा थांबा मागे जायचा आणि रोज तो म्हणायचा, “मॅडम, शेवटचा थांबा.” पुढे त्याने मागणी घातली ती “मॅडम, एक विचारू?” अशी. लग्न झालं, भांडणं झाली, ठकू झाली, तरी मॅडमच. थट्टा करता करता हाक होऊन गेली आणि खरं नाव माहेरी राहिलं.

माणूस लाख होता, पण त्याला एक खोड होती. त्याला दुखणी शोधायचा छंद होता. शिंक आली की न्यूमोनिया, पोटात कळ आली की आतडं गेलं, आणि जेवण जास्त झालं की हृदय. बाई दोन-तीनदा काम टाकून रिक्षाने धावत घरी आल्या, तर हा ढेकर देऊन गाढ झोपलेला. ‘लांडगा आला रे आला’ची गोष्ट आपण मुलांना सांगतो, पण त्या गोष्टीतलं खरं दुखणं कुणी सांगत नाही. खोटं ओरडणारा त्या वेळी खोटं ओरडत नसतो, त्याला खरंच लांडगा दिसलेला असतो.

आणि मग तो दिवस आला.

दुपारची वेळ होती. घंटा वाजली आणि पडद्यावरची रेघ वर निघाली ती थांबेचना. दोन डोळे कसले, डझनभर डोळे एकदम ओरडत होते. एवढे किरण येत होते की नळ्यांना मोजायला फुरसत मिळेना. एक चमक मोजून होईतो पुढच्या कितीतरी निसटत होत्या. म्हणजे पडद्यावर दिसतोय तो आकडाही कमीच होता, खरा स्फोट त्याच्याही वर कुठेतरी होता. खोलीत कुणी बसलेलं राहिलं नाही. बाईंचं डोकं मात्र शांत होतं. सूर्य पृथ्वीच्या आड होता, म्हणजे ती त्याची खोडी नाही. कुठल्या डोळ्याने किती पाहिलं यावरून त्यांनी दिशा काढायला घेतली, वेधशाळांना कळवायचा मजकूर लिहायला घेतला. आणि टेबलावरचा फोन वाजला.

नवरा होता. पुढे बाईंनी तो फोन मनात हजारदा ऐकला, आणि प्रत्येक वेळी तो असाच ऐकला:

“मॅडम, जरा छातीत दडपल्यासारखं होतंय.”

“अरे, आत्ता? मोठा आलाय रे! असा आजवर कुणी पाहिला नाही.”

“हो का? मग कर, काम कर. गॅसच असेल.”

“ठकू काय म्हणतेय?”

“ठकू अभ्यास करतेय.”

“मग गॅसच आहे,” असं म्हणून बाईंनी हसत फोन ठेवला. तोही पलीकडे हसला, असं त्यांना वाटलं.

थोड्या वेळाने तो फोन असा गुंतला की मोकळा होईना. जगाच्या कोपऱ्याकोपऱ्यातून वेधशाळांची माणसं त्यावर बोलत होती. शिंपीकाका दवाखान्यातून फोन करत राहिले आणि लाइन लागली नाही. शेवटी पहारेकरी जिना चढून वर आला. दोनवाल्या बाईंनी त्याला ‘दुसरा कोण’ असं विचारलं नाही. त्याचा चेहरा पाहूनच त्या उठल्या. पण त्या पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. ठकू दवाखान्याच्या बाकावर बसली होती. पाय जमिनीला टेकत नव्हते, मांडीवर बापाचा चष्मा होता. तिने आईकडे पाहिलं आणि मान फिरवली. एवढंच. पण त्या मान फिरवण्याने बाईंच्या काळजात जे रुतलं ते पुढे पंधरा वर्षं निघालं नाही.

नातलगांनी करायचं ते केलं. एक चुलत सासूबाई सर्वांसमक्ष म्हणाल्या, “हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागलं की असंच होतं.” बाईंना राग आला नाही. त्यांना ते पटलं, आणि ते जास्त वाईट होतं.

आता यातली खरी क्रूर गोष्ट सांगतो. स्फोटांना नाव नसतं. माणसांना, गावांना, वादळांनासुद्धा नावं देतात. स्फोटाला त्या दिवसाची तारीख देतात. ज्या दिवशी दिसला ती तारीख, हेच त्याचं नाव. साध्यासुध्या स्फोटाची तारीख कोण लक्षात ठेवतो? पण हा तर पिढीत एकदा होणारा. ती तारीख जगभर गेली. ती शोधनिबंधांच्या मथळ्यांवर चढली, सभागृहांच्या भिंतींवर लागली. कुणीतरी त्या रेघेचं चित्र आणि खाली तारीख छापून कॉफीचे मग काढले आणि एक बाईंना कौतुकाने पाठवला. दर वर्षी त्या दिवशी लांबलांबून शुभेच्छा यायच्या, “बाई, आजचा दिवस तुमचा!” नवऱ्याच्या मृत्यूची तारीख जगाने अशी आनंदाने पाठ केली होती, आणि जगाचा त्यात काडीचा दोष नव्हता. कचेरीतल्या जुन्या लोकांना माहीत होतं, पण काही गेले, काही विसरले, नव्यांना कुणी सांगितलं नाही. बाईंनी तर नाहीच.

ठकूच्या शाळेच्या पुस्तकातही तो स्फोट आला. बाईंनी ते पान पाहिलं आणि रात्रभर वाट पाहिली की पोरगी काही बोलेल. पोरगी बोलली नाही. ती आतल्या गाठीची होत गेली होती. ताप आला तरी सांगायची नाही, पडली तरी सांगायची नाही. बाईंनी घरातला नियम त्याच दिवशी पुरून टाकला होता. आता त्या खुट्ट झालं तरी उठायच्या. पण आता हाक मारणारंच कुणी राहिलं नव्हतं. दोघी एका ताटात जेवाव्यात इतक्या जवळ राहत होत्या, आणि त्या दुपारबद्दल दोघींत एक अक्षरही झालं नव्हतं. ‘ती मला दोष देते,’ असं बाईंनी मनाशी पक्कं केलं होतं. हे मात्र त्यांनी दुसऱ्या कुणाला न विचारता, एकाच डोळ्याने पाहून ठरवलं होतं.

ठकू शिकली, मोठी झाली, तिला समुद्रापार नोकरी लागली. बॅगा भरायला घेतल्या आणि बाईंचा जीव टांगणीला लागला. पोरी लांब जातातच, त्याचं दुःख नव्हतं. ही गाठ न सुटता गेली तर ती कायमची गेली, हे त्यांना कळत होतं. विचारायचं धाडस होत नव्हतं. ‘हो, तुझ्यामुळेच’ असं उत्तर आलं तर?

नेमका त्याच आठवड्यात कचेरीने त्या स्फोटाला पंधरा वर्षं झाल्याचा समारंभ ठरवला. साहेब नवे होते, उत्साही होते. ते म्हणाले, “बाई, सत्कार तुमचाच. घरच्यांना आणा.” बाईंनी घरी नुसतं सांगून ठेवलं, विचारलं नाही. ठकू कपड्यांच्या घड्या घालत होती. घडी मोडली, पुन्हा घातली आणि म्हणाली, “मी येते.”

समारंभ म्हणजे खालच्या मजल्यावरचं सभागृह, लोखंडी खुर्च्या, आणि टेबलावर एक मोठा केक. केकवर मलईने ती रेघ काढलेली, खाली साखरेच्या अक्षरांत तारीख. साहेबांनी भाषण केलं, टाळ्या झाल्या, बाईंच्या खांद्यावर शाल आली. मग गेल्याच वर्षी लागलेली एक मुलगी बोलायला उभी राहिली. तिने जुनी नोंद पुन्हा तपासली होती आणि तिला त्यात काहीतरी सापडलं होतं. बिचारीचा चेहरा आनंदाने फुलला होता.

“मोठ्या स्फोटाच्या थोडं आधी,” तिने पडद्यावर बोट ठेवलं, “हे बघा, एक बारीक उंचवटा आहे. म्हणजे ताऱ्याने आधी एकदा सांगून पाहिलं होतं. पण तो एकाच डोळ्याने पाहिला, म्हणून नियमाप्रमाणे आपण तो टाकून दिला.”

मागून आवाज आला, “आणि दुसरा?”

सगळ्यांनी वळून पाहिलं. ठकू विचारत होती.

“दुसऱ्यालाही दिसलं होतं,” मुलगी म्हणाली. “पण अगदी थोडं. ओरडावं इतकं नाही, म्हणून तो गप्प राहिला. तो बोलला असता तर म्हातारीने आधीच निरोप धाडला असता, आणि आपल्याला सगळं पहिल्यापासून मिळालं असतं.”

ठकू उठली आणि बाहेर गेली. लोखंडी खुर्ची केवढ्याने तरी वाजली.

बाई शालीसकट तिच्या मागे गेल्या. साहेब हातात सुरी घेऊन केकपाशी उभेच राहिले. इमारतीमागे सायकली लावायची जागा होती, तिथल्या कट्ट्यावर ठकू बसली होती. आता तिचे पाय जमिनीला टेकत होते, पण बसायची तऱ्हा तीच, दवाखान्याच्या बाकावरची. बाई शेजारी बसल्या. त्यांना वाटलं, आली ती वेळ. आता ही बोलणार, आणि आपण ऐकून घ्यायचं.

“मी फोन उचलला होता,” ठकू म्हणाली.

“कधी?”

“बाबांना घाम सुटला तेव्हा. तुझा नंबर मला पाठ होता. फिरवला. बाबांनी पलंगावरून हाताने नको म्हटलं. म्हणाले, ‘आईला आज मोठा मासा लागलाय, ओढू दे तिला.’ मी ठेवून दिला.”

“अगं...”

“थांब ना, बोलू दे. बाबांनी नको म्हटलं म्हणून नाही ठेवला मी. मला वाटलं, मी सांगितलं आणि गॅसच निघाला तर? मग मी पण खोटी. मग तू माझं कधीच ऐकणार नाहीस. मी बसून राहिले, आई. बाबांकडे बघत बसून राहिले. मग शिंपीकाकांकडे गेले ते फार उशिरा गेले. मी दुसरी होते. मी बोलले असते तर तू आली असतीस.”

आणि इतक्या वर्षांत जी रडली नव्हती ती मुलगी आईच्या शालीत तोंड खुपसून रडली. “तू मला कधी ओरडली पण नाहीस,” ती म्हणत होती. “मला वाटायचं, तुला माहीत आहे. तुला माहीत आहे म्हणूनच तू काही बोलत नाहीस.”

पंधरा वर्षं बाई स्वतःला आरोपी समजत होत्या, आणि त्याच घरात, पलीकडच्या खोलीत, एक लहान पोर तोच गुन्हा आपल्या अंगावर घेऊन झोपत होतं, उठत होतं, शाळेत जात होतं. त्यांना स्वतःच्या त्या लाडक्या नियमाची किळस आली. ‘तुझी चूक नाही बाळा’ असं म्हणणं सोपं होतं. पण ठकू त्यांचीच मुलगी होती. नुसत्या सांत्वनाला ती पुरावा मागणार. ‘मी बोलले असते तर तू आली असतीस’ हे वाक्य खरं होतं, आणि जोवर ते खरं होतं तोवर हिची सुटका नव्हती.

ते वाक्य खोटं करण्याचा एकच मार्ग होता. बाईंनी आजवर न मोजलेला आकडा कधी कुणाला दिला नव्हता. त्या दिवशी दिला.

“ठकू, इकडे बघ,” त्या म्हणाल्या. “मला कळलं होतं.”

“काय?”

“त्याचा फोन आला तेव्हाच. आवाजावरूनच कळलं मला, की हा गॅस नाही. दुसऱ्या कुणाची गरजच नव्हती.”

ठकूचं रडणं थांबलं. “मग?”

“मग काय? मोठा होता गं तो स्फोट. सोडवेना. म्हटलं, एवढं संपवते आणि निघते. तू फोन केला असतास ना, तरी मी हेच म्हटलं असतं.”

ठकूने आईकडे पाहिलं. बाईंनी नजर चुकवली नाही. अवघड होतं, पण नाही चुकवली. मग ठकूने हळूच शाल सोडली, डोळे पुसले आणि उभी राहिली. बस थांब्याच्या दिशेने ती पुढे चालू लागली, बाई मागे. पूर्ण रस्ताभर ती एकदाही मागे वळली नाही. पण तिचे खांदे सरळ होते. ओझं उतरलेल्या माणसाची चाल लपत नाही. बाईंनी ती पाहिली, आणि मुलगी गेली, असंही समजून घेतलं.

ठकू समुद्रापार गेली. निघताना वाकून नमस्कार केला, मिठी मारली नाही. फोन यायचे ते कामापुरते. पोचले, घर मिळालं, इथे थंडी आहे. बाई म्हणायच्या, जप हो. कधी संध्याकाळी एकट्या चहा पिताना त्यांना वाटायचं, सांगून टाकावं, की अगं, मला काहीसुद्धा कळलं नव्हतं, मी मूर्खासारखी हसले होते. मग त्यांना ते सरळ झालेले खांदे आठवायचे आणि त्या कप विसळायला उठायच्या.

वर्ष फिरून ती तारीख आली. सकाळपासून शुभेच्छा येत होत्या. दुपारी पुन्हा फोन वाजला. बाईंनी पहिल्याच रिंगला उचलला. हल्ली त्या कुठलाच फोन दुसऱ्यांदा वाजू द्यायच्या नाहीत.

“आई, मी बोलतेय.”

“बोल गं.”

“एक विचारू? भांडायला फोन नाही केला. तू म्हणालीस ना, आवाजावरून कळलं. कसा होता बाबांचा आवाज? मला तो आठवेनासा झालाय. सकाळपासून आठवायचा प्रयत्न करतेय, येतच नाही.”

बाई खुर्चीवर बसल्या. आता काहीतरी रचून सांगणं भाग होतं. त्यांनी डोळे मिटले आणि तो फोन पुन्हा कानाला लावला, नेहमीसारखा. फरक इतकाच, की या वेळी तो मोठ्याने, त्याच्या सुरात म्हणून दाखवायचा होता.

“तो म्हणाला, ‘मॅडम, जरा छातीत...’”

आणि त्या थांबल्या. शब्द बसेना. मॅडम म्हणताना त्याच्या आवाजात एक हसू असायचं, ते हसू तिथे नव्हतंच. ‘मॅडम’ हा शब्दच तिथे नव्हता. इतक्या वर्षांच्या सवयीने कानाने तो शब्द आपणहून तिथे घातला होता, आणि हजारदा ऐकताना एकदाही काढून पाहिला नव्हता. त्या जागी दुसरंच काही होतं. पडद्यावरची रेघ वर चढत होती, मागे माणसं ओरडत होती, आणि त्या गोंगाटाखाली तो बाईंना त्यांच्या नावाने हाक मारत होता. त्यांच्या खऱ्या, माहेरी राहिलेल्या नावाने, लग्नानंतर पहिल्यांदा. हाक मारून तो थांबला होता. आणि बाई म्हणाल्या होत्या, “अरे, आत्ता?”

“आई? आहेस ना?”

“आहे.”

“काय म्हणाले बाबा?”

“त्याने मला नावाने हाक मारली, ठकू.”

ठकू म्हणाली, “नावाने? बाबांनी?”

“हो.”

“म्हणजे घाबरले होते ना गं?”

पुढे आपण काय विचारलं होतं, ते ‘ठकू काय म्हणतेय’, तेवढं बाईंनी सांगितलं नाही. ते त्या कधीच सांगणार नव्हत्या.

“हो,” त्या म्हणाल्या. “फार घाबरला होता.”

ठकू रडायला लागली. बाईही रडल्या. फोन कुणीच ठेवला नाही. तो घाबरला होता, हे आता दोघींना माहीत होतं.